दसऱ्यानंतरची बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परसात काळी माती आहे. पावसाळ्यात चिखल, नंतर भेगा. गुढीपाडव्याच्या सुमारास वाफे भरलेले हवे असतील तर आत्ता ऑक्टोबरात काय करावं? वाळू मिसळली तर चालेल का? (मिरज)

उत्तर : वाळू नको. दोन-चार घमेली वाळूनं चिकण माती मोकळी होत नाही, उलट वाळली की आणखी घट्ट बसते. तिला भुसभुशीत करतं ते शेणखत आणि पालापाचोळा.

पण आधी वाफसा येऊ द्या, म्हणजे माती खणण्याजोगी सुकू द्या. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन पडून राहिला तर थांबा, परतीचा पाऊस झाला तर पुन्हा थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ती लिंपल्यासारखी दबते आणि वाळून अशी ढेकळं होतात की पुढं कितीही पाणी दिलं तरी मुळं आत शिरत नाहीत. बागेचं वर्ष वाया जातं ते बहुतेक वेळा या घाईनं.

वाफसा आल्यावर 20 ते 25 सेंटिमीटर खोल खणा आणि ढेकळं न फोडता आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानंच वेचा. नुसतं वरून खुरपलं तर लव्हाळा गाठीतून पुन्हा फुटतो. पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या जाड अळ्या निघाल्या तर ती हुमणी असू शकते. उसाच्या पट्ट्यात ती परसातही येते. वेचून साबणाच्या पाण्यात टाका. अर्धकच्च्या शेणखतातून ती हमखास वाढते, म्हणून खत काळं, मोकळं आणि शेणाचा वास गेलेलंच घ्या.

शंभर चौरस फुटांना 25 किलो शेणखत आणि 2 किलो निंबोळी पेंड मिसळा. गादीवाफा तीन फूट रुंद आणि वीतभर उंच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. माघापर्यंत तो रिकामा राहणार असेल तर मेथी किंवा हरभरा पेरा. काढताना उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या.

मातीवर पांढरा थर येत असेल तर तो क्षारांचा. मिरज-वाळवा भागात ही अडचण जुनी आहे. आधी माती तपासून घ्या आणि निचऱ्याचा चर काढा. चर नसताना क्षार सोडवणारं जिप्सम टाकलं तर सुटलेले क्षार तिथंच राहतात.

प्रश्न : मोगरा दाट वाढलाय, पण गेल्या उन्हाळ्यात फुलं मोजकीच आली. आत्ता छाटू का? (कराड)

उत्तर : आत्ता मुळीच नको. आत्ता छाटलात तर थंडीच्या तोंडावर कोवळी पालवी येते, ती नीट वाढत नाही आणि झाडाची साठवलेली ताकद तिच्यात खर्च होते. मोगऱ्याला आधी विश्रांती लागते. नोव्हेंबरअखेरपासून जमिनीतल्या झाडाचं पाणी तोडा. पानं मलूल होऊन काही गळली तरी घाबरू नका. कुंडीतल्याचं पूर्ण तोडू नका, चार-पाच दिवसांनी तांब्याभर द्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुडघ्याएवढी, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर उंची ठेवून छाटा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढा, उरलेली पानंही ओरबाडा. आळं हलकं खणून मोठ्या झाडाला 10 किलो शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी द्या. नव्या फुटव्यांच्या शेंड्यांवरच कळ्या धरतात. युरियाचा हात सैल सोडलात तर मात्र पुन्हा नुसती पानंच. निम्मा दिवस तरी थेट ऊन लागतं. सावलीतल्या झाडाला यातलं काहीच लागू पडणार नाही.

प्रश्न : आणि गुलाब? (सातारा)

उत्तर : गुलाबाची छाटणी मात्र आत्ताच, पाऊस थांबल्यावर. चार-पाच निरोगी फांद्या ठेवा, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्या. कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावा, नाहीतर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. ही पेस्ट करायला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचंच घ्या, मोरचूद लोखंड खातं. कलमाच्या गाठीखालून आलेले फुटवे मुळापासून काढा.

प्रश्न : खतासाठी आत्ता पालापाचोळा मिळत नाही. काय वापरावं? (कोरेगाव)

उत्तर : आपल्याकडची खरी पानगळ माघ-फाल्गुनातली. आत्ता हाताशी आहे ते पावसाळी गवत आणि तण. बी धरण्याआधी कापा. गाजरगवत फुलावर येण्याआधी आणि हातमोजे घालूनच उपटा, त्यानं अंगाला खाज सुटते. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात वीतभर थर, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), वर मूठभर माती, असं भरत जा. महिन्यातून एकदा उलथा. कोरडं पडलं तर वाळवी लागते, फार भिजलं तर घाण वास येतो. असा वास आला की वाळका कडबा चिरून मिसळा. मुठीत दाबल्यावर बोटं ओलसर व्हावीत, पाणी गळू नये. आत्ता भरलेला खड्डा फेब्रुवारीत वाफ्यात घालण्याजोगा होतो.