बलकांव म्हणजे ओसरी नव्हे, बाल्कनी तर नव्हेच

विचारणा अशी आहे: 'गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या एका जुन्या घराचं वर्णन मराठीत लिहायचं आहे. पायऱ्या चढून गेलं की दारापुढे खांबांवर छोटं कौलारू छप्पर आणि दोन्ही बाजूंना बांधीव बैठका आहेत. गोव्यात या जागेला बलकांव म्हणतात. मराठीत ओसरी म्हणावं, ओटी, पडवी, सोपा की बाल्कनी? आणि बलकांवच ठेवायचं तर लिहायचं कसं?'

बलकांवच ठेवा. पहिल्या उल्लेखाला अर्ध्या वाक्याचं वर्णन जोडा आणि पुढे तोच शब्द निर्धास्तपणे वापरा. ओसरी, ओटी, पडवी, सोपा हे चारही शब्द अस्सल आहेत, पण प्रत्येकाचं लक्ष घराच्या वेगवेगळ्या अंगावर आहे. कुणाचं छपरावर, कुणाचं जोत्यावर (घराच्या उंचवलेल्या पायावर), कुणाचं लांबीवर. एकाच्या जागी दुसरा घातला की घराचा आकारच बदलतो.

आधी बाल्कनी बाजूला काढू. पोर्तुगीज 'बल्कांव' इटालियन 'बाल्कोने'वरून आला आणि त्याच्या मुळाशी तुळई या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. इंग्रजीवाटे मराठीत आलेली बाल्कनी त्याच इटालियन शब्दाची. म्हणजे दोघं भावंडं खरी, पण वाटा वेगळ्या झाल्या. बाल्कनी म्हटलं की मराठी वाचकाला वरच्या मजल्यावरचा कठडा दिसतो. गोव्यातला बलकांव तळमजल्याच्या जोत्यावर, थेट पायऱ्यांच्या माथ्याशी असतो. गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'वरांदा' म्हणजे आपली बाल्कनी, आणि आपला व्हरांडा मात्र जमिनीलगत आहे. या दोन शब्दांनी एकमेकांच्या जागा घेतल्यासारखं झालं आहे. त्यामुळे पोर्तुगीज कोश उघडून गोव्याच्या घराचा अर्थ लावू नका.

पडवी हा छपराचा शब्द आहे. मुख्य छपराचं पाखं, म्हणजे उताराची एक बाजू, तसंच खाली उतरवत नेलं, किंवा भिंतीला टेकवून एकपाखी छप्पर दिलं, की त्याखालची जागा ती पडवी. पुढे, मागे, बाजूला कुठेही असू शकते. सरपण रचायला, गुरं बांधायला, जाती-उखळं ठेवायला. बाहेरच्या कडेला वाकावं लागतं इतकं छप्पर खाली येतं. बलकांवाचं छप्पर मात्र स्वतंत्र असतं, आपल्या खांबांवर उभं, बहुधा स्वतःचं आढं (माथ्याची आडवी तुळई) किंवा चारी बाजूंना उतार घेऊन. मुख्य छपराच्या पुढे ते डोकं काढतं, म्हणून ते पडवी नव्हे.

ओटा हा जोत्याचा शब्द. उंचवलेली जागा एवढाच त्याचा मुद्दा, वर छप्पर असेलच असं नाही. ओटीही तशीच उंचवलेली, पण ती मुख्य छपराखालीच, घराच्या रेषेच्या आत असते. बलकांव त्या रेषेबाहेर रस्त्याकडे पुढे आलेला असतो.

ओसरी (गोव्यात वसरी) हा लांबीचा शब्द. घराच्या दर्शनी भिंतीलगत पट्ट्यासारखी जाते ती वसरी. इथेच तुमच्या लेखात खरी अडचण येईल, कारण सासष्टी-बार्देशच्या कितीतरी घरांना दोन्ही आहेत: मध्ये पुढे आलेला बलकांव आणि त्याच्या दोन्ही अंगांना लांब वसरी. बलकांवालाच ओसरी म्हटलंत, तर खऱ्या ओसरीला काय म्हणणार?

सोप्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. देशावर सोपा म्हणजे चौकाभोवतीचा एक खांबी दालनवजा भाग. असे चार असले की चौसोपी वाडा. गोव्यात कोंकणी 'सोपो' म्हणजे बसण्याची बांधीव जागा, भिंतीला किंवा कठड्याला धरून केलेली बैठक. गोव्याच्या बाजारात बसून माल विकणाऱ्यांकडून नगरपालिका जो 'सोपो' वसूल करते, त्यातही बसण्याच्या जागेचाच अर्थ आहे. म्हणजे 'बलकांवातले सोपे' हा प्रयोग म्हापशात अचूक आणि कोल्हापुरात कोड्यात टाकणारा. 'सोपो, म्हणजे बांधीव बैठक' असं एकदा लिहून टाका.

राजांगणाचा उल्लेख आला तर तेही तसंच ठेवा. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या हिंदू घरांत तुळशीभोवतीचं आतलं उघडं अंगण म्हणजे राजांगण. घराची उठबस त्याच्या कडेने. बलकांव बाहेर बघतो, राजांगण आत. मात्र यावरून सरसकट ख्रिस्ती घर आणि हिंदू घर अशी वाटणी करू नका. पुढच्या काळात हिंदू घरांनाही बलकांव आले.

आता बांधणीकडे येऊ, कारण या शब्दांना अर्थ पावसाने दिला आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाऱ्याबरोबर तिरपा येतो. या तिरप्या माऱ्याला झड म्हणतात. छपराची खालची कड ती वळचण आणि तिच्यावरून गळणारी धार ती पागोळी. बलकांवाचं वर्णन करताना हे तीन शब्द विसरू नका.

हिशोब साधा आहे. पाऊस ४५ अंशांत तिरपा आला, तर वळचण बैठकीपासून जितकी उंच, तितकाच तो तिच्यापासून आत शिरतो. वळचण जमिनीपासून ७ फुटांवर आणि बैठक दीड फुटाची धरा: अंतर साडेपाच फूट. छप्पर खांबांच्या बाहेर अडीच फूट आलेलं असेल, तरी उरलेले ३ फूट बैठक भिजते. साध्या, कमी तिरप्या पावसात मात्र ती बरीचशी कोरडी राहते. तीच वळचण शोभेसाठी ९ फुटांवर नेली, तर माऱ्याच्या दिवशी पाणी ५ फूट आत येतं आणि दाराचा उंबरा ओला होतो. नव्या बंगल्यांतले 'गोवन स्टाइल' बलकांव पावसाळ्यात निरुपयोगी ठरतात ते मुख्यतः यामुळेच: खांब उंच, छप्पर आखूड. जुन्या घरांनी वळचण खाली ठेवली आणि तरीही झडीच्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्या, म्हणजे मल्लां, बांधून घेतली. आता त्या जागी निळं प्लॅस्टिक दिसतं. पाणी तेही अडवतं, पण हवा कोंडतं.

बैठकीची उंची आणि खोली दोन्ही सुमारे दीड फूट असली की माणूस टेकून बसू शकतो. समोरासमोरच्या दोन बैठकांत ४ फूट तरी मोकळे हवेत, नाहीतर समोरासमोर बसलेल्यांचे पाय एकमेकांना लागतात आणि दाराकडे जाणाऱ्याला वाट राहत नाही. बैठकीचा माथा अगदी सपाट ठेवू नये. बाहेरच्या बाजूला किंचित उतार नसला तर आलेलं पाणी तिथेच साचतं आणि शेवाळ धरतं.

सगळ्यात जास्त गळती होते ती बलकांवाचं छप्पर मुख्य छपराला मिळतं त्या पन्हळीत. दोन पाख्यांचं पाणी एकाच खोबणीत येतं. तिथे आंब्या-फणसाची पानं अडकली की पाणी कौलांखाली शिरतं आणि आधी रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या), मग वासे कुजतात. म्हणून पावसाआधी घर शाकारताना पन्हळ आधी साफ करायची आणि मगच फुटकी कौलं बदलायची.

कौलांबाबत एक खबरदारी. घर फार जुनं असेल तर 'मूळची मंगलोरी कौलं' असं लिहू नका. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. त्याआधीच्या घरांवर अर्धगोल नळीची कौलं होती आणि मंगलोरी कौलं मागाहून चढली. नळीचं कौल नुसतं एकावर एक टेकलेलं असतं, म्हणून उतार फार दिला तर ते घसरतं. मंगलोरी कौलाला रिपेत अडकायला मागे खुंटी असते, त्यामुळे त्याला जास्त उतार चालतो.

भिंतीसाठी जांभा आणि चिरा हे शब्दही वेगळे ठेवा. जांभा हा दगड, चिरा हा त्यातून काढलेला घडीव ठोकळा. 'जांभ्याचा चिरा' बरोबर, उलट नाही. (दक्षिण भारताची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये या दगडाला 'लॅटराइट' नाव दिलं, ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.) जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर खेचतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा ती ओल आत अडवतो. एक-दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पोपडे सुटतात. तुमच्या घराच्या बलकांवाला खाली पोपडे दिसत असतील, तर जुनेपणाला दोष देण्याआधी गिलावा कशाचा आहे ते बघा.

शेवटी लेखन. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटचा अनुनासिक 'आंव' कोंकणीत टिकतो: पांव, सांजांव (सेंट जॉनचा सण), बलकांव. मराठीत रुळलेल्या शब्दांनी अनुस्वार सोडला: पाव, लिलाव. म्हणून 'बलकाव' चूक नाही, पण हा शब्द अजून गोव्यातच राहतो, तेव्हा अनुस्वारासह 'बलकांव' बरा. 'बाल्कांव'ही काही जण लिहितात. एका लेखात एकच रूप ठेवलं म्हणजे झालं. लिंग पाव-लिलावासारखं पुल्लिंगी: तो बलकांव. कोंकणीत 'बलकांवार बसप' म्हणतात, म्हणून मराठीत बसण्याच्या अर्थी 'बलकांवावर' आणि जागेच्या अर्थी 'बलकांवात', दोन्ही चालतात.

तुमचं वाक्य असं होऊ शकेल: 'पायऱ्या चढून गेलं की बलकांव, म्हणजे दारापुढची खांबांवरच्या कौलारू छपराखालची बसायची जागा, दोन्ही हातांना चिऱ्यांचे सोपे, म्हणजे बांधीव बैठका, मागे दोन्ही अंगांना लांब वसरी आणि वर झडीसाठी मुद्दाम खाली उतरवलेली वळचण.'