मोबाईल काढून घेऊ की शिकवू?

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, तीन-चारच शब्द बोलतो. मोबाईल मात्र माझ्यापेक्षा फास्ट चालवतो, यूट्यूबवर एकच जाहिरात पन्नास वेळा मागे नेऊन बघतो, काढून घेतला की गडाबडा लोळतो. थेरपीवाल्या ताई म्हणतात अ‍ॅपवर शिकवा, सासूबाई म्हणतात मोबाईलनेच हे झालंय. मी काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मोबाईलने ऑटिझम होत नाही, हे सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगा. पण तो फास्ट चालवतो म्हणजे त्याला मोबाईल येतो असंही नाही हो, जाहिरात मागे नेणं ही एकच गोष्ट त्याला पक्की येतेय.

घरात जुना फोन पडला असेल तर तो काढा, सिम नको, यूट्यूब बंद करून टाका. बघायचा फोन वेगळा आणि चित्रं दाबून बोलायचा वेगळा. या दुसऱ्यावर जेलो नावाचं अ‍ॅप टाका, आयआयटी मुंबईत बनलेलं आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो, बाजूला हवं, नको, अजून अशी बटणं असतात. (चेन्नईचं आवाझ पण चांगलं आहे, पण त्याला पैसे पडतात.) आता इथे बहुतेक घरी चुकतं, फोन पोराच्या हातात देतात आणि "दाब, दाब" करत बसतात. आधी तुम्ही दाबा. पोहे वाढताना तुम्हीच पोह्यांचं चित्र दाबा, तुम्हाला चहा हवा असेल तर चहाचं, आणि हे महिनाभर तरी करा, तो बघतही नाही असं वाटलं तरी. अ‍ॅपमुळे बोलायचा कंटाळा करेल ही भीती सगळ्यांना असते, तसं होत नाही, काही मुलांचे शब्द उलट वाढतात.

बाकी कामं शेवटाकडून शिकवा. म्हणजे फोटो काढायचा तर कॅमेरा तुम्ही उघडा, फोन तुम्ही धरा, त्याने फक्त गोल बटण दाबायचं, लगेच त्याचाच फोटो दिसतो म्हणून मजा येते. ते जमलं की कॅमेऱ्याचं चित्र पण त्यानेच शोधायचं, असं एकेक पायरी मागे जात राहा. मध्येच दुसरीकडे पळतो? अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप पिन करायची सोय असते, आयफोनला गाईडेड अ‍ॅक्सेस म्हणतात, त्याने तेवढंच अ‍ॅप उघडं राहतं.

यूट्यूबचा फोन अचानक हिसकावू नका, समोर टायमर लावा, रंग कमी होत जाणारा मिळाला तर बेस्ट, आणि संपल्यावर पुढे काय ते चित्राने दाखवा. पहिले काही दिवस लोळेलच, डोकं आपटायला लागला तर मात्र डॉक्टरांशी बोला. आणि एक, बोलायचा फोन शिक्षा म्हणून कधीच काढून घ्यायचा नाही, सासूबाईंनीसुद्धा, तो फोन म्हणजे त्याचं तोंड आहे.