आचार्या की आचार्यानी?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. कॉलेजच्या कार्यक्रमपत्रिकेत संस्कृतच्या प्राध्यापिकेच्या नावाआधी 'आचार्याणी' छापलं गेलं. कुणीतरी म्हणालं, 'आचार्या' हवं. बरोबर काय?

'आचार्या'च. 'आचार्यानी' म्हणजे आचार्यांची बायको. आणि तिथेही 'ण' नाही, 'न' आहे.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत, म्हणजे त्याच्या संस्कृत व्याकरणात, ४.१.४९ या सूत्रात 'आनी' लागणाऱ्या शब्दांची यादीच आहे. इंद्राची इंद्राणी, रुद्राची रुद्राणी, भवाची (म्हणजे शंकराची) भवानी. तुळजापूरच्या आईचं नावही याच सूत्रातलं! हिमानी आणि अरण्यानी मात्र कुणाच्या बायका नव्हेत, नुसताच पुष्कळ बर्फ आणि मोठं रान. 'यवनानी' तर यवनांची लिपी. यादीच्या शेवटी मामा आणि आचार्य बसलेत: मातुलानी, आचार्यानी. 'इंद्राणी'त 'र'मुळे 'न'चा 'ण' होतो. त्या हिशेबाने 'आचार्याणी'च व्हायला हवं, पण पाणिनीनंतरच्या कात्यायनाने वार्तिक (सूत्राला जोडलेली पुरवणी) लिहून तो 'ण' मुद्दाम अडवला. तेव्हा पत्रिका लिहिणाऱ्याला फार हसू नका, त्याचा कान चांगला आहे.

'आचार्या'बद्दल सतराव्या शतकातले वैयाकरण भट्टोजी दीक्षित तीनच शब्दांत सांगतात: 'आचार्या स्वयं व्याख्यात्री'. जी स्वतः शिकवते ती. 'उपाध्याया'चंही तसंच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, पाणिनीवर महाभाष्य लिहिणारा पतंजली म्हणतो, जिच्याजवळ जाऊन शिकतात ती उपाध्याया. आपिशली या पाणिनीच्या आधीच्या वैयाकरणाचं व्याकरण शिकणारी ब्राह्मण स्त्री ती 'आपिशला', हे उदाहरणही त्याचंच.

यावरून 'बघा, आपल्याकडे पूर्वी स्त्रिया किती शिकलेल्या होत्या' असं लगेच म्हटलं जातं. मला ते फार घाईचं वाटतं. शिकवणाऱ्या बायका होत्या, त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागत होता, एवढं या शब्दांवरून नक्की म्हणता येतं. किती होत्या, कुठल्या घरांतल्या होत्या, हे व्याकरण सांगत नाही. उलट मनुस्मृतीत (२.६७) लग्न हीच बाईची मुंज, नवऱ्याची सेवा हाच तिचा गुरुगृहीचा वास आणि घरकाम हेच अग्निकार्य, असा चोख हिशेब मांडलेला आहे. त्या हिशेबात आचार्यानी आरामात बसते, आचार्या बसत नाही.

गंमत 'उपाध्यायी' या शब्दाची. तो उपाध्यायाच्या बायकोलाही चालतो आणि शिकवणारीलाही. आपल्या 'मास्तरीण'सारखा. लहानपणी आमच्या आळीत दोन मास्तरीणबाई होत्या. एक चौथीला गणित शिकवायच्या, दुसऱ्यांचे यजमान हायस्कुलात होते. आई निरोप देऊन पाठवताना बजावायची, 'शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे जा, मास्तरांच्या घरी नको.' पाटलीणबाईंच्या बाबतीत हा घोळ कधी झाला नाही, कारण पाटीलकी त्यांच्याकडे नव्हतीच.

नवऱ्याच्या नात्याने बायकोला नाव मिळतं, त्याला पाणिनी 'पुंयोग' म्हणतो. बायकोच्या नात्याने नवऱ्याला नाव देणारं सूत्र त्याच्याकडे नाही. आचार्येच्या नवऱ्याला काय म्हणायचं, हे कुणी विचारलं तर अष्टाध्यायी गप्प. मराठीने तेवढ्यापुरती सोय केली आहे: 'मास्तरीणबाईंचे मिस्टर'.