अल्लाह बंद कोणी बांधला?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही फॅमिली कच्छला फिरून आलो. काळो डुंगरवरून रण बघताना गाइड म्हणाला की तिकडे बॉर्डरच्या बाजूला अल्लाह बंद नावाचा लांबच लांब बांध आहे आणि तो भूकंपात एका रात्रीत उभा राहिला. मुलगा म्हणतो फेकतोय तो. खरं काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, फेकत नव्हता हो, उलट त्याने वेळ जरा जास्तच लावली, रात्र वगैरे काही लागली नाही. १६ जून १८१९, संध्याकाळी सातच्या आसपास धरणी हलली आणि रणात साधारण ८०-९० किलोमीटर लांबीची पट्टी वर आली. काही ठिकाणी उंची सहा मीटरच्या घरात, म्हणजे दोन मजली घराएवढी. आता सहा मीटर ऐकून कोणी म्हणेल त्यात काय एवढं, पण तुम्ही रण बघून आलाय ना, पोळपाटासारखं सपाट, तिथे वीतभर चढ झाला तरी पाणी वाट बदलतं.

झालंही तसंच. जमिनीखाली फॉल्ट आहे, म्हणजे खडक जिथे तुटून एकमेकांवरून सरकतो ती जागा. त्याची उत्तरेची बाजू वर चढली आणि दक्षिणेची खाली बसली. बसलेल्या भागात सिंद्री नावाचा छोटा किल्ला होता, त्याच्यावर समुद्राचं पाणी चाल करून आलं, आतली माणसं एका बुरुजावर चढून बसली आणि तिथून त्यांना होडीने काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांना उत्तरेला काय दिसलं, तर काल जिथे सपाट होतं तिथे आडवा उंचवटा! सिंधूचा जो पूर्वेकडचा फाटा इथून जायचा, त्याच्या पात्रातच तो आला होता. सिंधच्या राज्यकर्त्यांनी त्याआधीच वरच्या बाजूला बांध घालून कच्छचं पाणी तोडलेलं, लखपतकडची भातशेती त्यातच गेली होती. म्हणून लोकांनी नाव ठेवलं, ते बांध माणसाचे आणि हा अल्लाहचा. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात टोमणा पण आहे.

पुढे १८२६ला सिंधूला मोठा पूर आला, तो वरचे बांध फोडत खाली आला आणि या अल्लाह बंदलाही कापून सिंद्रीच्या बसलेल्या भागात झालेल्या तळ्यात उतरला. फॉल्टने भिंत घालायची आणि नदीने खिंडार पाडायचं, डोंगराळ मुलखात हाच खेळ लाखो वर्षं चालतो, इथे लोकांनी तो सात वर्षांत बघितला.

आणि तुम्ही ज्या काळो डुंगरवर उभ्या होतात ना, ती पच्छमची टेकाडं, पलीकडे खडीर (धोलावीरा तिथलंच), बेला, ही सगळी रणातली 'बेटं' फॉल्टच्या कडेनेच उचलली गेलीत. गंमत म्हणजे हे फॉल्ट मुळात ताण पडून फाटलेल्या जमिनीचे, डायनासोरच्या काळातले. आता भारताचा तुकडा वर्षाला चार-पाच सेंटीमीटर उत्तरेला रेटतोय, त्यामुळे तेच फॉल्ट उलटे चालतात. खाली घसरलेलं परत वर चढतं.

पण बांध दिसला नाही म्हणजे खाली फॉल्ट नाही असं मुलाला अजिबात वाटू देऊ नका. २६ जानेवारी २००१चा भुजचा भूकंप ७.७चा होता, तरी मुख्य फॉल्ट वरपर्यंत फाटत आलाच नाही, सगळं खोलवर झालं. वर दिसलं ते रणातून उसळलेलं पाणी आणि वाळू.

प्रश्न : मग आमच्या कोयनेला १९६७च्या भूकंपात असा बांध का नाही उठला?
— एक वाचक, पाटण

उत्तर : दोन कारणं. एक तर कोयनेचा ६.३चा, १८१९चा अंदाजे ७.७चा, आकड्यात फरक थोडा वाटतो पण एनर्जी शंभर पटीहून जास्त. दुसरं, कोयनेला खडक वर-खाली न होता आडवे सरकले, दोन पुस्तकं टेबलावर एकमेकांना घासत सरकवावीत तसे. त्यामुळे उंचवटा नाही, नुसत्या भेगा पडल्या.

प्रश्न : वडील सांगतात किल्लारीला रानात जमीन वर आली होती. आता तर तिथे काहीच दिसत नाही.
— एक वाचक, औसा

उत्तर : बरोबर सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ला तिथे खडक खालून वर चढला होता, पण उचल मीटरभर सुद्धा नव्हती. काळ्या रानात दोन-चार हंगाम औत फिरलं, पाऊस पडला, की असली खूण कुठे राहते? आपल्या दख्खनची हीच अडचण आहे, इथे जमीन चेहऱ्यावर काही दाखवत नाही. भूकंपाच्या नकाशात तो भाग तेव्हा झोन एकमध्ये म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता, आणि माणसं गेली दहा हजारांच्या आसपास. पुढे २००२ला झोन एक हा प्रकारच नकाशातून काढून टाकला.

माणसं मेली ती मात्र त्या उचलीने नाही, घरांनी. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छप्पर. वडिलांना एकदा विचारा, पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर टाकायचे तेव्हा जुनी माती कधी खाली काढायचे का?