वाचकांचे प्रश्न : विरणारे ठिपके

प्रश्न : पेंटासीन या सेंद्रिय अर्धवाहकाची ५० नॅनोमीटर जाडीची फिल्म टीईएममध्ये (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पाहते. विवर्तनाचे ठिपके (स्फटिकातून वळलेल्या इलेक्ट्रॉनांचे) काही सेकंदांत विरतात आणि सी अक्षाची, म्हणजे स्फटिकात थरावर थर रचले जातात त्या दिशेची, लांबी मिळत नाही. काय चुकते? – एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ठिपके विरतात ते इलेक्ट्रॉनांच्या शलाकेमुळे, म्हणजे झोतामुळे. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणूंमधले बंध तुटतात. म्हणून फोकस शेजारच्या भागावर करा, शलाका बंद ठेवून हव्या जागी सरका आणि थेट चित्र घ्या. द्रवरूप नायट्रोजनवर थंड ठेवणारा होल्डर (नमुना धरणारा दांडा) असेल तर आणखी वेळ मिळतो.

सी अक्ष न मिळण्याचे कारण वेगळे. रेणू उभे असतील तर थर रचले जाण्याची दिशा जवळजवळ शलाकेला समांतर असते. त्यामुळे सपाट ठेवलेल्या नमुन्यात फक्त ए-बी प्रतलाचे, म्हणजे थराच्या आतल्या रचनेचे, ठिपके दिसतात. होल्डर टप्प्याटप्प्याने कलवा. साठ अंशांपलीकडे सहसा जाता येत नाही, तेव्हा थरांमधले अंतर एक्स-रे विवर्तनातूनच घेतलेले बरे. तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांत ५.७ अंशांजवळ (टू-थीटा, म्हणजे किरण वळण्याचा कोन) शिखर आले तर अंतर सुमारे १५.४ अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर), म्हणजे पेंटासीनची ‘पातळ फिल्म’ नावाची स्फटिक-अवस्था.

ठिपक्यांवरून अंतरे मोजण्यासाठी त्याच कॅमेरा-लांबीवर (विवर्तन-चित्राचे प्रमाण ठरवणाऱ्या मापावर) सोन्याची वलये घ्या; त्यातल्या १११ वलयाशी जुळणारे अणुप्रतलांमधले अंतर २.३५५ अँगस्ट्रॉम. ५० नॅनोमीटर जाडीला दुहेरी विवर्तनाने (एकदा वळलेला इलेक्ट्रॉन पुन्हा वळल्याने) निषिद्ध, म्हणजे एरवी न दिसणारे, ठिपकेही उमटतात; म्हणून जाडी २० नॅनोमीटरवर आणा.

फिल्म सोडवायला मिठाच्या ताज्या फोडलेल्या स्फटिकावर आधी कार्बनचा थर द्या, त्यावर पेंटासीन बसवा, मग फिल्म पाण्यावर तरंगवा. नाशिकच्या पावसाळ्यात मात्र हा स्फटिक डेसिकेटरबाहेर (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्याबाहेर) ठेवू नका, पृष्ठभाग लगेच धुरकटतो.