बाल्कनीत दिसलेल्या अनोळखी माशीच्या स्पष्ट फोटोवरून नवीन प्रजाती जाहीर करता येते का?

नियमाने येते. पण तुमच्या बाल्कनीतल्या माशीच्या बाबतीत मी तसं सुचवणार नाही. मी माश्यांच्या वर्गीकरणावर काम करतो, त्यामुळे हा विषय जरा जिव्हाळ्याचा आहे.

2015 मध्ये मार्शल आणि इव्हनह्यूस या कीटकतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन केवळ छायाचित्रांवरून केलं. नाव मार्लेयिमिया झायलोकोपी. दिसायला हुबेहूब लाकूड पोखरणारा भुंगा. जपून ठेवलेला नमुना एकही नव्हता. प्राणिनामकरणाच्या संहितेत याला मुभा आहे: फोटोत दिसणारा प्राणीच होलोटाइप, म्हणजे नावाचा मूळ आधार, धरला जातो. तरीही पुढच्या वर्षी जवळजवळ 500 वर्गीकरणतज्ज्ञांनी या पद्धतीविरुद्ध सही केली. मलाही त्यांचंच पटतं.

केळ्यांवर जमणारी चिलटं घ्या. 1919 मध्ये स्टर्टेव्हंट या आनुवंशशास्त्रज्ञाने त्यांतून ड्रोसोफिला सिम्युलन्स ही प्रजाती वेगळी काढली. तोवर ती ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर या दुसऱ्या प्रजातीच्या नावानेच खपत होती. दोघींचा संकर केला की संतती वांझ निघायची, म्हणून संशय आला. माद्या आजही नुसत्या नजरेला जवळपास सारख्याच दिसतात. खात्री होते ती नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून. ते पाहायला पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅश या तीव्र क्षारात मऊ करावं लागतं. फोटोचं काय कापणार?

नमुना हाती आला तरी लगेच नाव देता येत नाही. पंखांच्या शिरा, छातीवरचे राठ केस, पायांचे काटे हे सगळं लिहायचं, आणि त्या वंशातल्या आधीच्या प्रजातींशी ताडून बघायचं. खरा वेळ इथेच जातो. भारतीय माश्यांसाठी आजही ब्रुनेट्टी या माशीतज्ज्ञाचे 1912 ते 1923 मधले खंड उघडावे लागतात आणि जुने मूळ नमुने बघायला कोलकाता किंवा लंडनच्या संग्रहालयाकडे विचारणा करावी लागते. बऱ्याच ‘नव्या’ प्रजाती या टप्प्यावर गळतात. उलट, खरोखर नवी असलेली, ऑस्ट्रेलियात 1981 मध्ये पकडलेली सोनेरी पोटाची एक गोमाशी संग्रहात तशीच पडून होती; 2011 मध्ये तिला बियॉन्से या गायिकेचं नाव मिळालं.

तेव्हा माशी पुन्हा दिसली तर, जमल्यास नर-मादी दोन्ही, अल्कोहोलमध्ये ठेवा. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने जागा, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव लिहून ती बाटलीच्या आतच टाका. शाई अल्कोहोलमध्ये पसरते. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही पकडू नका.