वाचक विचारतात: स्टरफ्राय भाज्यांना पाणी का सुटतं?

मागच्या अंकात झटपट होणाऱ्या चायनीज पद्धतीच्या परतलेल्या भाज्यांवर दोनच ओळी लिहिल्या होत्या, की भाजी कोरडी हवी आणि कढई कडकडीत तापलेली हवी. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी ब्रोकोली, गाजर, ढोबळी मिरची, मश्रूम, कोबी, बेबी कॉर्न असं सगळं घालून स्टरफ्राय करते, गॅसही फुल ठेवते, तरी दर वेळी तळाशी पाणी जमतं आणि भाज्या उकडल्यासारख्या लागतात. हॉटेलात कशा काय करकरीत राहतात?

उत्तर: गॅस फुल ठेवता ते बरोबरच आहे हो, पण कढईत एका वेळी किती पडतंय ते बघा ना. सहा भाज्या म्हणजे थोडं थोडं म्हणता म्हणता पाऊण किलो होतात, आणि भाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आता गंमत बघा, १ ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी उष्णता लागते आणि त्याच पाण्याची वाफ करायला वर आणखी ५४०. म्हणजे पाणी तापवणं सोपं, उडवणं महाग. कढई कितीही तापलेली असू द्या, ढीगभर गार ओली भाजी पडली की कढईची सगळी धग त्या पाण्यातच जाते, आणि तळाशी पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या वर जातच नाही. खमंग डाग पडायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. मग काय, उकडलेलीच होणार.

हॉटेलातल्या वॉकखालचा, म्हणजे गोल बुडाच्या चिनी कढईखालचा, बर्नर घरच्यापेक्षा सहज दहापट ताकदीचा असतो, त्यामुळे भाजीने सोडलेलं पाणी तिथल्या तिथे उडतं. आपल्याकडे ती आग नाही, तर आपण पाणी कमी करायचं, एवढंच. भाज्या आधी धुऊन ठेवायच्या, करायच्या वेळी नाही, आणि स्वच्छ फडक्यावर पसरून खरंच कोरड्या करायच्या. ब्रोकोलीच्या तुऱ्यात पाणी लपून बसतं, ती उलटी करून ठेवा. ३० सेंटिमीटरच्या कढईत एका वेळी पाव किलोच्या वर भाजी नको, जास्त माणसं असतील तर दोनदा परता आणि शेवटी एकत्र करा. मीठ आणि सॉस अगदी शेवटी, कारण मीठ लागलं की भाजी पाणी सोडायला लागते. आणि झाकण नाही. गाजरासारख्या कडक भाजीला चमचाभर पाणी शिंपडून अर्धा मिनिट झाकलं तर चालतं, पण ते पाणी उडाल्यावरच पुढची भाजी.

आणखी एक, हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. सहा भाज्या कशाला? चिनी घरात रोजच्या जेवणात जी परतलेली भाजी असते ती बहुतेक वेळा एकच पालेभाजी किंवा एकच भाजी, तेल, लसूण, मीठ, झालं. सात रंगांचा तो प्रकार फोटोत छान दिसतो पण प्रत्येक भाजीला शिजायला वेगळा वेळ लागतो आणि शेवटी कुठली तरी कच्ची, कुठली तरी गाळ. दोन भाज्या घ्या, फार तर तीन.

प्रश्न: मग एकाच भाजीची एखादी नेमकी रेसिपी द्या ना, मापासकट. दोन माणसांना साइड डिश म्हणून पुरेल अशी.

उत्तर: कोबीची देते. चीनच्या हुनान प्रांताच्या पद्धतीची, यात कोबी सुरीने चिरत नाहीत, हाताने फाडतात. फाडल्याने तुकडे वेडेवाकडे होतात, एकमेकांवर सपाट चिकटून बसत नाहीत आणि खरबरीत कडांना सॉस छान धरतो.

कोबी २५० ग्रॅम. पानं सुटी करून मधला जाड दांडा काढा आणि दोन बोटं रुंद तुकडे फाडा. धुऊन कोरडे करा, परत सांगते, कोरडे. वाटीत १ टेबलस्पून सोया सॉस, १ टीस्पून व्हिनेगर, पाव टीस्पून साखर कालवून कढईशेजारी ठेवा, कारण एकदा सुरू झालं की बाटल्यांची झाकणं उघडत बसायला वेळ नसतो. लसणाच्या ४ पाकळ्या जाडसर चकत्या करून, सुक्या लाल मिरच्या ३, तुकडे करून बिया झटकलेल्या.

कढई रिकामीच तापवा. पाण्याचा थेंब टाकला आणि तो चुर्र होऊन विरून गेला तर अजून थांबा. थेंबाची गोळी होऊन कढईभर पळायला लागली की झाली तयार. दीड टेबलस्पून तेल, फिरवून सगळीकडे लावा, मिरच्या, लसूण, दहा सेकंद, लसणाच्या कडा जेमतेम पिवळ्या व्हायला लागल्या की लगेच कोबी. आता इथे बहुतेक जण सतत ढवळत राहतात, ते नका करू. पंधरा-वीस सेकंद तसंच राहू द्या, मग खालचं वर करा, परत थांबा. तळाच्या पानांना तपकिरी डाग दिसायला हवेत आणि आवाज चरचर असाच राहायला हवा. आवाज मऊ पडून बुडबुड सुरू झाली म्हणजे पाणी जमतंय, तेव्हा भाजी कढईच्या कडांवर सारून मधली जागा मोकळी करा आणि ते उडू द्या. अडीच-तीन मिनिटांत पानं वाकायला लागतात पण चावली की करकर होते, तिथे सॉस कढईच्या कडेने ओता, भाजीच्या डोक्यावर नाही. कडेला पडला की तो लगेच सळसळतो आणि वास बदलतो. दोनदा हलवा, चव बघा, लागलं तरच मीठ, आणि लगेच ताटात काढा. कढईत राहिली तर तिथल्या उष्णतेनेच अजून दोन मिनिटं शिजते.

प्रश्न: लसूण दर वेळी जळतो आणि सगळ्या भाजीला कडवट चव येते. आधी घालू की नंतर?

उत्तर: बारीक किसलेला किंवा पेस्ट घालत असाल तर तो जळणारच, एवढ्या तापलेल्या तेलात तो काही सेकंदांत काळा होतो. चकत्या करा किंवा पाकळी नुसती ठेचून घाला. तरीही जळत असेल तर भाजी आधी परता आणि शेवटच्या मिनिटाला मध्ये जागा करून थोडं तेल आणि लसूण घाला. आलं जरा जास्त तग धरतं. आणि जळलाच तर वाचवत बसू नका, तेल ओतून द्या, कढई पुसा, नव्याने सुरू करा, चार पाकळ्यांसाठी अख्खी भाजी कशाला घालवायची.

प्रश्न: माझ्याकडे इंडक्शन आहे आणि नॉनस्टिक पॅन. वॉक घ्यावाच लागेल का?

उत्तर: नाही. उलट इंडक्शनवर गोल बुडाचा वॉक टेकतच नाही नीट, तिथे सपाट बुडाचा लोखंडी किंवा कार्बन स्टीलचा रुंद पॅन चांगला. बीडाचा तवाही चालेल, तापायला वेळ घेतो पण एकदा तापला की भाजी पडल्यावर लगेच गार होत नाही.

नॉनस्टिकचं मात्र सांभाळून. ते कोटिंग साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतं आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन तिथवर काही मिनिटांतच पोचतो, त्यामुळे वर लिहिलेली थेंबाची परीक्षा नॉनस्टिकवर करू नका. तेल घालूनच तापवा, आच मध्यम ते मोठी, भाजी अजून कमी घ्या. त्या कॅन्टोनीज, म्हणजे दक्षिण चीनच्या पद्धतीच्या, हॉटेलांतल्या भाजीला जो धुरकट वास असतो, ज्याला ते ‘वॉक हे’ म्हणतात, तो नॉनस्टिकमध्ये येणार नाही, पण करकरीत भाजी नक्की येईल.

प्रश्न: सोया सॉस घातला की भाजी काळी आणि खारट होते, कॉर्नफ्लॉवर घातलं की गुठळ्या. प्रमाण सांगाल?

उत्तर: काळी होते म्हणजे बहुतेक डार्क सोया सॉस वापरताय. तो रंगासाठी असतो, घट्ट असतो, अर्धा टीस्पून पुरतो. चवीला लाइट सोया सॉस, नाव लाइट असलं तरी मीठ त्यात भरपूर असतं बरं का. एका टेबलस्पूनमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० च्या आत राहा म्हणते, तेव्हा दोघांच्या भाजीला एक टेबलस्पून आणि वरून मीठ बघून.

कॉर्नफ्लॉवर १ टीस्पून, गार पाणी २ टेबलस्पून. गारच, गरम पाण्यात गुठळ्या होतात. आणि ते तळाशी बसतं, त्यामुळे ओतायच्या क्षणी परत ढवळा. ओतल्यावर एक उकळी येऊन दुधी रंग जाऊन चकाकी आली की थांबा. पण खरं सांगू का, पालेभाजीला आणि कोबीला याची गरजच नाही, हे ब्रोकोली-मश्रूमसाठी ठीक आहे.

प्रश्न: हिरव्या भाज्या हिरव्यागार राहत नाहीत, खाकी होतात. सोडा घालू का?

उत्तर: सोडा नको, रंग राहतो पण भाजी गिळगिळीत होते. हिरवा रंग आंबटाने आणि जास्त वेळ शिजवल्याने जातो, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू गॅस बंद करताना. फरसबी, ब्रोकोली जाड असेल तर आधी खळखळत्या मिठाच्या पाण्यात एक मिनिट टाकून लगेच गार पाण्यात काढा, निथळा, पुसा, मग परता. हे काम सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, मग संध्याकाळी भाजी चार मिनिटांत.

प्रश्न: तिळाच्या तेलातच परतायचं असतं ना?

उत्तर: नाही. भाजलेल्या तिळाचं जे गडद तेल असतं ते वासासाठी, गॅस बंद केल्यावर अर्धा टीस्पून. मोठ्या आचेवर त्याचा वास जातो आणि कडू होतं. परतायला रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल.

प्रश्न: अजिनोमोटो घालावा का? घरात वाद आहे.

उत्तर: वाद जुना आहे. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून अजिनोमोटोची ही चव, म्हणजे ग्लुटामेट, वेगळी काढली, आणि तेच ग्लुटामेट टोमॅटोत, मश्रूममध्ये, सोया सॉसमध्ये मुळातच असतं. अजिनोमोटोने त्रास होतो ही भीती पसरली ती १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर. चिमूटभर घातल्याने सर्वसाधारण माणसाला काही होत नाही, मिठापेक्षा यात सोडियमही साधारण एक तृतीयांशच. पण भाजीत मश्रूम आणि सोया सॉस दोन्ही असतील तर मला तरी त्याची गरज वाटत नाही.

प्रश्न: घरात एकाला गव्हाचं चालत नाही. सोया सॉस चालेल का?

उत्तर: नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, नाही चालणार. तामारी नावाचा जपानी सोया सॉस बघा, पण त्याच्याही बाटलीवर ग्लुटेन फ्री (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) लिहिलंय का ते वाचूनच घ्या, आणि ऑयस्टर सॉस, होइसिन वगैरे चिनी सॉसची लेबलंही वाचा.

प्रश्न: फ्रोजन भाज्यांचं स्टरफ्राय होतं का हो, की नादच सोडू?

उत्तर: होतं, ताजीसारखं नाही होत. गोठताना आतल्या बर्फाने पेशी फुटतात म्हणून पाणी जास्त सुटतं. लोखंडी किंवा स्टीलची कढई तापवून भाजी तशीच गोठलेली, थोडी थोडी, तेल न घालता टाका, सुटलेलं पाणी पूर्ण उडू द्या आणि मग तेल, लसूण, सॉस. मटार, कॉर्न, फरसबी बऱ्या होतात. फ्रोजन ढोबळी मिरचीच्या नादी लागू नका, ती सूपमध्ये घाला.